माजघरात फाइव्ह पॉइंट वन

आमचे घर हर्णै बंदरापासून दोनेक किलोमीटरवर, उतारावरच्या वाडीत आहे. चिऱ्याच्या सव्वा फूट जाडीच्या भिंती, वर मंगलोरी कौले, पुढे ओटी, मागे पडवी आणि मध्ये १६ फूट लांब व ११ फूट रुंद माजघर, असे हे घर माझ्या आजोबांनी बांधले. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने छपराचा समुद्राकडचा अर्धा भाग उचलून नेला, आणि नंतर वासे, रिपा, कौले बदलताना घरातली वायरिंगही नव्याने करून घ्यावी लागली. माजघरात बसवलेल्या सराउंड साउंडची, म्हणजे चहूबाजूंनी आवाज देणाऱ्या स्पीकरांची, हकीकत खरे तर तिथूनच सुरू होते, कारण त्या वायरिंगमध्ये जे राहून गेले होते ते चार वर्षांनी आम्हाला स्पीकरमधून ऐकू आले.

निमित्त मात्र अण्णांच्या कानांचे झाले. माझे वडील ऐन उमेदीची सगळी वर्षे गावच्या नमनात, म्हणजे कोकणातल्या लोकनाट्यात, मृदंग वाजवत. आता पंचाहत्तरी उलटल्यावर त्यांना आवाज ऐकू येतो, पण शब्द कळत नाहीत. कानाच्या डॉक्टरांनी तपासणीचा आलेख पुढ्यात ठेवून समजावून सांगितले की जाड आवाज ऐकण्याची शक्ती बरीचशी शाबूत आहे, बारीक आवाजांची गेली आहे. त्यामुळे बोलणे कानावर पडते, पण स, श, फ, त यांसारखी व्यंजने निसटतात आणि शब्द अर्धाच पोचतो. श्रवणयंत्र ते दिवसभर लावतात, पण संध्याकाळी घामाने कान खाजू लागला की काढून ठेवतात, आणि टीव्ही नेमका तेव्हाच सुरू होतो. मग आवाज वीसवरून तीस, तीसवरून पंचेचाळीस असा चढत जाई, शेजारच्या वाडीपर्यंत मालिका ऐकू जाई आणि तरीही दर दोन मिनिटांनी प्रश्न येई, "काय बोलला गो तो?"

आवाज वाढवून हा प्रश्न सुटत नव्हता, कारण टीव्हीच्या दोन बारीक स्पीकरांमधून संवाद, पार्श्वसंगीत, दारांचे आपटणे आणि गाड्यांचे हॉर्न एकत्रच बाहेर पडत आणि एकत्रच मोठे होत. त्यातही हे स्पीकर टीव्हीच्या खालच्या कडेला जमिनीकडे तोंड करून बसवलेले असतात. फाइव्ह पॉइंट वन रचनेत पुढे डावा, उजवा व मधला आणि मागे डावा व उजवा असे पाच मार्ग असतात, शिवाय केवळ खर्जासाठी राखलेला एक वेगळा मार्ग असतो, आणि चित्रपटातले बहुतेक संवाद त्यांतल्या मधल्या मार्गावर ठेवलेले असतात. म्हणजे संवादाचा स्पीकर वेगळा असतो आणि तो एकटाच वाढवता येतो. माझ्या दृष्टीने ही गोष्ट निर्णायक ठरली. गोळ्या डोक्यावरून सुसाट गेल्यासारख्या वाटतात वगैरे कौतुक मी दुकानात पुष्कळ ऐकले, पण मला हवा होता तो मधला स्पीकर.

साउंडबारचा, म्हणजे टीव्हीखाली ठेवायच्या एकाच लांबट स्पीकरपट्टीचा, विचार आम्ही केला आणि सोडून दिला. मागच्या व वरच्या आवाजाचा भास निर्माण करणारे साउंडबार आवाज भिंतींवर आणि छतावर आदळवून परत आणतात. डोक्यावरूनही आवाज आणणारे डॉल्बी अॅटमॉस हे तंत्र २०१२ मध्ये चित्रपटगृहांत आले. घरात त्याचे वर तोंड केलेले स्पीकर वापरायचे तर डोक्यावर सपाट आणि कडक छत असावे लागते. आमच्या डोक्यावर उतरती कौले आहेत आणि त्यांच्या सांध्यांतून दुपारचे ऊन आत येते; तिथून आवाज परत यायचा कसा? पुण्याच्या आतेभावाने नवीन घरात जाताना आपला जुना रिसीव्हर, म्हणजे आवाजाचे मार्ग वेगळे करून स्पीकर चालवणारे यंत्र, देऊ केला, त्याला पाच लहान स्पीकर आणि एक सबवूफर, म्हणजे फक्त खर्जाचा स्पीकर, जोडायचे ठरले.

जागा ठरवण्यात दोन रविवार गेले. मी शाळेत गणित शिकवते, त्यामुळे फळ्यावरचा लाकडी कोनमापक घरी आणला आणि अण्णांच्या खुर्चीच्या जागी खिळा ठोकून सुतळी ताणली. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीप्रमाणे मधला स्पीकर समोर शून्य अंशावर, पुढचे दोन त्याच्या दोन्ही बाजूंना ३० अंशांवर आणि मागचे दोन १०० ते १२० अंशांच्या दरम्यान हवेत, म्हणजे ते पाठीमागे नव्हे तर कानांच्या किंचित मागे येतात. कागदावर हे सोपे आहे. माजघर मात्र साऱ्या घराचा चौक असतो: ओटीचे दार, स्वयंपाकघराचे दार, देवघराचा उंबरा आणि माळ्यावर जाणारा जिना असे सगळे त्यातच उघडते. उजव्या बाजूचा ११० अंश बरोबर स्वयंपाकघराच्या दारात आला. आईने तिथे स्टँड ठेवू देण्यास साफ नकार दिला, आणि ते योग्यच होते, कारण त्या दारातून दिवसातून पन्नास वेळा उकळते पातेले जाते. शेवटी तो स्पीकर दारावरच्या तुळईला लोखंडी ब्रॅकेटने बसवला आणि तोंड खाली खुर्चीकडे वळवले. बाजूचे स्पीकर कानाच्या पातळीपेक्षा थोडे उंच चालतात, तेव्हा बिघडले काहीच नाही. फक्त उजवा स्पीकर खुर्चीपासून ५ फुटांवर आणि डावा ८ फुटांवर अशी तफावत राहिली.

मधला स्पीकर टीव्हीखालच्या बाकावर ठेवला, तेव्हा त्याचे तोंड अण्णांच्या गुडघ्यांकडे होते. बारीक आवाज जितका उंच पट्टीचा, तितका तो सरळ रेषेत जातो आणि बाजूला कमी पसरतो. अण्णांची जी व्यंजने हरवत होती ती नेमकी ह्याच पट्टीतली. मी फणसाच्या लाकडाची एक पाचर तासून स्पीकरच्या पुढच्या कडेखाली सारली आणि खुर्चीत बसून विजेरीच्या उजेडात पाहिले. ट्विटरची, म्हणजे बारीक आवाज काढणाऱ्या भागाची, लहानशी घुमटी सरळ डोळ्यांसमोर दिसू लागेपर्यंत पाचर आत ढकलत नेली. ह्या सगळ्या खटाटोपात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गुणकारी वस्तू कोणती, असे कोणी विचारले तर मी त्या पाचरीकडे बोट दाखवीन.

केबलच्या बाबतीत आमची फसगत झाली. एका दुकानातून "शुद्ध तांबे" म्हणून स्पीकर वायरचे वेटोळे आणले होते. वाडीतल्या ओळखीने हर्णैच्या बोटींची वायरिंग करणारे एक चाचा पाहायला आले, त्यांनी ते वेटोळे हातात घेऊन नुसते तोलले आणि खाली ठेवले. मग एक तार सोलून ब्लेडने अलगद खरवडली. तांबूस रंगाची साल निघाली आणि आत पांढरा, चकचकीत धातू दिसला. ते अॅल्युमिनियम होते, वर तांब्याचा पातळ मुलामा दिलेले. अॅल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या सुमारे ६० टक्के असते, हा झाला एक तोटा. पण खाऱ्या हवेत दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून राहिले की जोडावर गंज फार लवकर धरतो, हा आमच्यासाठी त्याहून मोठा. दुकानदाराने वेटोळे परत घेतले नाही.

चाचांनी आपल्या पिशवीतून बोटीवर वापरायच्या वायरचा तुकडा काढला आणि तोही तसाच सोलून दाखवला. ही तार वरून रुपेरी होती, आणि खरवडल्यावर आतून लाल तांबे निघाले. "ही कल्हईवाली," ते म्हणाले. "साधे तांबे इथे एका पावसात हिरवे पडते. भांडे असो की वायर, इलाज तोच." मी त्या दोन तारा शेजारी शेजारी धरून कितीतरी वेळ पाहत राहिले. एकीची साल तांब्याची आणि गाभा हलका. दुसरीची साल कथिलाची आणि गाभा अस्सल. आमच्या पितळी पातेल्यांना आजी दरवर्षी कल्हई लावून घेत असे, ती आंबट अन्न कळकू नये म्हणून. समुद्राकाठी तीच युक्ती तारेलाही लागू पडते, हे मला तोवर कधी सुचले नव्हते. आम्ही दीड चौरस मिलिमीटरची अशी ३२ मीटर वायर घेतली. ती सोळा गेजच्या वायरपेक्षा किंचित जाड भरते आणि एवढ्या अंतरांना पुरून उरते. चिऱ्यात खाचा न मारता ती तुळईच्या कडेने पाइपातून नेली, कारण माळ्यावरच्या उंदरांना प्लॅस्टिकचे आवरण आवडते.

जोडणी करताना प्रत्येक स्पीकरचे अधिक आणि उणे टोक सांभाळावे लागते. एखादा स्पीकर उलटा जोडला गेला की एकाचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो, खर्ज एकमेकांना खाऊन टाकतो आणि समोरचा आवाज कुठून येतो तेच कळेनासे होते. खात्री करण्यासाठी दीड व्होल्टचा साधा सेल रिसीव्हरकडच्या टोकांना क्षणभर टेकवायचा, अर्थात वायर रिसीव्हरला जोडण्यापूर्वी. वूफरचा, म्हणजे जाड आवाजाच्या भागाचा, पडदा पुढे सरकला तर जोडणी बरोबर. पाचांपैकी मागचा डावा उलटा निघाला.

सगळे जोडून रिसीव्हर चालू केला, आणि सबवूफरमधून एकसारखी घूं अशी गुरगुर येऊ लागली. काही वाजत नसतानाही ती चालूच, आणि बाहेर पावसाची सर आली की अधिकच मोठी. ही घरगुती विजेची ५० हर्ट्झची गुरगुर असते हे माहीत होते. ती कुठून शिरते एवढेच शोधायचे होते. मी एकेक वायर काढत गेले. एचडीएमआय काढली, फरक नाही. सबवूफरचा प्लग दुसऱ्या सॉकेटमध्ये लावला, तरी नाही. सेटटॉप बॉक्सच्या मागची डिशची केबल स्क्रू फिरवून सोडवली, तेव्हा माजघर एकदम शांत झाले आणि छपरावर थेंब पडलेले ऐकू येऊ लागले.

डिशचा लोखंडी पाय ओल्या चिऱ्यात बोल्टने आवळलेला होता, म्हणजे केबलचे बाहेरचे वेष्टन भिंतीमार्फत जमिनीला टेकले होते. आत मात्र रिसीव्हर आणि सबवूफर कुठे टेकले होते? चाचांनी दिव्याचा होल्डर आणला, एक टोक फेजला आणि दुसरे सॉकेटच्या तिसऱ्या, मोठ्या भोकात लावले. दिवा पेटला नाही. घरातल्या एकाही सॉकेटवर पेटला नाही. मीटरबोर्ड उघडल्यावर दिसले की अर्थिंगची हिरवी वायर बोर्डामागे गुंडाळून खिळ्याला बांधून ठेवली होती. वादळानंतरच्या घाईत काम करणाऱ्याने खड्डा खणलाच नव्हता. चार वर्षे आई ओल्या हातांनी त्या घरात मिक्सर आणि गिझर वापरत होती. त्या क्षणी सिनेमा, संवाद, सराउंड सगळे माझ्या मनातून गेले. आधी हे काम पुरे करायचे असे ठरले.

कातळावर अर्थिंगसाठी खड्डा खणणे सोपे नसते. दोन फुटांवर जांभा लागतो आणि कोरड्या कातळातून वीज जमिनीत जात नाही. जागा अण्णांनी सांगितली: न्हाणीघराचे पाणी जिथे केळीच्या आळ्यात जाते तिथे माती खोल आहे आणि वैशाखातही ओल असते. तिथे सात फूट खणून गॅल्वनाइज्ड लोखंडी नळी उभी केली, भोवती कोळसा आणि मीठ यांचे थर भरले आणि तिथून मीटरबोर्डापर्यंत जाड वायर आणली. आता दिवा फेज आणि अर्थिंगमध्ये लखलखीत पेटला. बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच, तोही बसवला. मग डिशच्या केबलचे वेष्टन ती घरात शिरते तिथेच ह्याच अर्थिंगला जोडले, आणि गुरगुर पुरती थांबली. गुरगुर घालवण्यासाठी प्लगची तिसरी पिन काढून टाकण्याचा सल्ला मला दोघांनी दिला होता. तो कोणीही मानू नये. त्याने आवाज थांबतो, पण उपकरणाच्या लोखंडी अंगात वीज उतरली तर तिला जायला वाट उरत नाही.

सबवूफरची जागा शोधण्याची पद्धत विचित्र वाटते, पण खरी आहे. सबवूफर अण्णांच्या खुर्चीत बसवून खर्जाचा एक सूर चालू केला आणि मी भिंतीच्या कडेकडेने रांगत ऐकत गेले. जिथे खर्ज स्वच्छ आणि सारखा ऐकू आला, तिथे नंतर सबवूफर ठेवायचा. खोलीच्या लांबीत सुमारे ३५ हर्ट्झचा आणि रुंदीत सुमारे ५२ हर्ट्झचा सूर फुगून येतो, हे खोलीच्या मापांवरून आधीच काढले होते. कोपऱ्यात तो फुगवटा असह्य होता, जिन्याच्या पायथ्याशी जवळजवळ नाहीसा झाला. कौलांच्या फटींतून खर्ज बाहेर निघून जातो, त्यामुळे स्लॅबच्या खोलीत होतो तसा घुमारा आमच्याकडे झाला नाही. मात्र २० हर्ट्झपासून वर सूर चढवत नेला तेव्हा घरातल्या वस्तू एकामागून एक बोलू लागल्या. आधी फडताळाचे दार थरथरले, मग आजोबांच्या फोटोची काच, मग देवघरातली समईची साखळी. दाराला नमद्याची पट्टी लावली, फोटोच्या चौकटीमागे रबराच्या चकत्या चिकटवल्या, आणि समई आईने स्वतःच दुसरीकडे हलवली.

त्यानंतर रिसीव्हरबरोबर आलेला मायक्रोफोन तिपाईवर, अण्णांच्या कानाच्या उंचीला ठेवला, पंखे बंद केले आणि पहाटे साडेपाचला, रस्त्यावर गाड्या सुरू होण्याआधी, मोजणी केली. एक फूट कापायला आवाजाला साधारण ०.९ मिलिसेकंद लागतो, म्हणून जवळचा उजवा स्पीकर आठ फुटांवरच्या डाव्यापेक्षा सुमारे २.६ मिलिसेकंद उशिराने वाजवला की दोघांचे आवाज खुर्चीत एकाच वेळी पोचतात. हे गणित रिसीव्हर स्वतः करतो. सबवूफरचे अंतर त्याने प्रत्यक्षाहून चार फूट जास्त दाखवले, तेही मी बदलले नाही, कारण सबवूफरच्या आतल्या सर्किटमध्ये जाणारा वेळ तो अंतरातच धरतो. एक गोष्ट मात्र हाताने बदलली. त्याने पुढचे लहान स्पीकर "लार्ज" ठरवले होते. ते "स्मॉल" केले आणि ८० हर्ट्झच्या खालचा सगळा भार सबवूफरकडे दिला. शेवटी मधला मार्ग मोजणीपेक्षा ३ डेसिबलने वर नेला. तीन डेसिबल म्हणजे स्पीकरला दुप्पट शक्ती, पण कानाला ती दुप्पट वाटत नाही, थोडीशी वाढ वाटते. अण्णांना तेवढी पुरली.

पहिल्या संध्याकाळी त्यांनी जुन्या मराठी चित्रपटाऐवजी बातम्या लावायला सांगितल्या. पाचेक मिनिटे ते काही बोलले नाहीत. नंतर निवेदिकेने एका गावाचे नाव घेतले ते त्यांनी मोठ्याने उच्चारले, बरोबर उच्चारले, आणि माझ्याकडे पाहिले.

जुलैत पुढचा अडथळा आला. दापोली तालुक्याचा पाऊस कौलांवर पडतो तेव्हा गंभीर वाटतो, पण मागच्या पडवीवर पत्रा आहे, आणि त्याच्यावरचा मारा संवाद गिळून टाकतो. आवाज वाढवला तर स्फोट आणि गाणी असह्य होत. रिसीव्हरमधला नाइट मोड शेजाऱ्यांची झोप मोडू नये म्हणून दिलेला असतो. तो मोठे आवाज खाली आणतो आणि हळू आवाज वर उचलतो. आमच्याकडे तो पावसासाठी लागतो. मुसळधार लागली की मी तो चालू करते, आणि उघडीप पडली की आठवणीने बंद करते, कारण तो चालू असताना सारेच एका पातळीवर येते आणि दूरचे-जवळचे कळत नाही.

गणपतीत चुलतभावाने गावच्या नमनाचे जुने ध्वनिमुद्रण आणले. ते दोनच मार्गांचे होते. रिसीव्हरला सांगितले तर तो दोन मार्गांचे पाच करून पसरवतो. मी हौसेने तसे लावले. अण्णांनी अर्धी गणेशवंदना ऐकली आणि हात वर केला. "बाय, मृदंग माझ्या मागे कसा काय? वाजवणारा मीच, आणि मी तर समोर उभा होतो." मी ते बंद करून पुढचे दोनच स्पीकर ठेवले. मृदंग समोर, जरा डावीकडे आला. अण्णांची बोटे खुर्चीच्या हातावर चालू लागली, आणि एका ठिकाणी त्यांनी मान हलवून आपली चूक दाखवली. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे की जे जितक्या मार्गांवर मुद्रित झाले, ते तितक्याच मार्गांवर ऐकायचे. ज्यांना पसरवलेले आवडते त्यांनी खुशाल पसरवावे, पण एकदा मूळ ऐकून मग ठरवावे.

परतीच्या पावसात विजा फार होतात. क्षितिजावर लखलखाट दिसला की मी स्विच बंद करून थांबत नाही. प्लग उपसते आणि डिशची केबलही सोडवते, कारण वीज त्या वाटेनेही आत येते. विजेचा अचानक आलेला लोंढा अडवणारा सर्ज प्रोटेक्टर आहे, पण जवळ पडलेल्या विजेपुढे त्याचा भरवसा धरू नये.

दिवाळीच्या सुट्टीत सगळे स्पीकर खाली काढून टोके तपासली. अण्णा विजेरी धरून उभे होते. चार स्पीकरांची टोके बसवली तशीच रुपेरी होती. पाचव्याच्या, स्वयंपाकघराच्या दारावरच्या उजव्या स्पीकरच्या टर्मिनलवर फोडणीच्या वाफेचा चिकट थर बसला होता आणि त्याखाली तार काळपट पडली होती. तेवढी दोन इंच कापली, नवे टोक सोलले, आणि ह्या वेळी त्यावर कथिलाचा डाग देऊन मगच आवळले.